उचलीचा हिशेब आणि स्वतःचा अंदाज

माणूस दुसऱ्याच्या वागण्याचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर बांधतो, पण स्वतःच्या बाबतीत हमखास चुकतो. अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ निकोलस एप्ली आणि डेव्हिड डनिंग यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून हे समोर आले. कॉर्नेल विद्यापीठात कर्करोगविषयक कामाच्या मदतीसाठी डॅफोडिलची फुले विकली जात असत. विक्रीच्या काही आठवडे आधी विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा 83 टक्क्यांनी आपण फूल घेऊ असे सांगितले. इतर विद्यार्थ्यांपैकी 56 टक्के घेतील, असा त्यांचा कयास होता. प्रत्यक्षात फूल घेतले 43 टक्क्यांनी. इतरांबद्दलचा अंदाजही थोडा जास्तच निघाला, पण स्वतःबद्दलचा जवळजवळ दुप्पट होता.

कारण साधे आहे. इतरांबद्दल बोलताना माणूस जग कसे चालते ते आठवतो, तर स्वतःबद्दल बोलताना मनातला हेतू पाहतो. हेतू खरा असतो, म्हणून अंदाजही खरा वाटतो. वाटेत येणारी अडचण त्या हेतूत दिसत नाही.

रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये हेच वेळेच्या बाबतीत दाखवले. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचा अंदाज सरासरी 34 दिवसांचा होता, प्रत्यक्षात 55 दिवसांच्या वर लागले. सगळेच बिनसले तर किती दिवस लागतील, असेही त्यांना विचारले होते. त्याचे उत्तर 48 दिवसांच्या आसपास आले, म्हणजे सर्वांत वाईट कल्पनाही वास्तवापेक्षा बरी ठरली. विचार करताना विद्यार्थी पुढचे बेत मांडत होते. मागचे काम किती रखडले होते, याची आठवण फारच थोड्यांना झाली.

अशा अंदाजावर अख्ख्या वर्षाची मिळकत लावायची वेळ बीड जिल्ह्यातल्या लाखो माणसांवर दरवर्षी येते. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून ऊसतोड कामगार दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पावसाळ्यातच टोळीचा मुकादम प्रत्येक कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि ती हंगामात ऊस तोडून फेडायची असते. घेताना मनात एकच हिशेब असतो: यंदा नेटाने तोडू, उचल फेडू आणि वर चार पैसे घेऊन गावी येऊ.

हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि तो टनाला सुमारे 366 रुपये झाला. समजा उचल 1 लाखाची आहे. ती फेडायला जवळपास 273 टन ऊस तोडावा लागतो. रोज 2 टन धरले तर 137 दिवस लागतात. रोज दीडच टन झाला, तर तेच दिवस 182 होतात आणि इतके दिवस हंगाम सहसा चालत नाही. शिवाय मधल्या काळात किराण्यासाठी घेतलेली खर्ची त्याच खात्यावर चढते. ताप आला, गाडी वेळेवर आली नाही, फडात चिखल झाला की टन कमी होतात. खाडा पडला तर दंडही कापला जातो. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून थोडा आधार मिळतो, पण तो रोजच्या खर्चात जिरतो. 2024-25 मध्ये ऊस कमी पडला आणि अनेक कारखान्यांचा हंगाम फेब्रुवारी-मार्चमध्येच संपला. अशा वर्षी नेटाने तोडूनही उचल अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या टोळीत जाणे भाग पडते.

म्हणजे दोष कामगाराच्या अकलेचा आहे का? तसा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल, आणि याचा सर्वांत जवळचा पुरावाही उसाच्याच शेतातून आला आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन, एल्दर शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या विळुपुरम आणि तिरुवण्णामलै जिल्ह्यांत 464 लहान ऊस शेतकऱ्यांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या. त्याच माणसांची चाचणी तोडणीआधी, पैशाची ओढाताण असताना, आणि तोडणीनंतर, पैसा हातात आल्यावर झाली. आकृत्यांच्या कोड्यांत तोडणीआधी सरासरी 4.35 उत्तरे बरोबर आली, नंतर 5.45. तोडणीच्या तारखा कारखाना ठरवतो आणि त्या सगळ्यांच्या एकाच वेळी येत नाहीत, त्यामुळे हा फरक ऋतूचा म्हणता येत नव्हता. माणूस तोच होता. पैशाची चिंता मनाची जागा व्यापते आणि विचाराला कमी जागा उरते, असा अर्थ संशोधकांनी 2013 मध्ये मांडला. यावर आक्षेपही घेतले गेले. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर घेतलेल्या अशाच चाचण्यांत 2016 मध्ये फरक आढळला नाही. परिणाम किती मोठा आहे यावर वाद आहे. मात्र टंचाईत घेतलेला निर्णय माणसाच्या स्वभावाचा आरसा मानू नये, हा मुद्दा टिकून राहतो. पावसाळ्यात घरात धान्य नसताना, मुलीचे लग्न किंवा दवाखाना डोक्यावर असताना उचल नाकारण्याचा पर्यायच नसतो. तिथे अंदाजाची चूक दुय्यम असते.

आर्थिक मजबुरी मानसशास्त्राने सुटणार नाही, दर आणि करारच ती सोडवू शकतात. अंदाजाच्या चुकीवर मात्र मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि अमोस त्वर्स्की यांनी एक उपाय सांगितला होता: मनातला बेत बाजूला ठेवून आधीच्या तशाच कामांत काय घडले, त्यावरून अंदाज बांधावा. कोयत्यासाठी याचा अर्थ मागच्या तीन हंगामांत दिवसाला खरोखर किती टन पडले, किती दिवस काम मिळाले, किती खाडे झाले, हे पाहणे. अडचण अशी की हे आकडे बहुधा कोयत्याच्या हाती नसतात. उसाचे वजन कारखान्याच्या काट्यावर होते, हिशेबाची वही मुकादमाकडे असते, आणि खात्यावर किती टन पडले ते हंगाम संपल्यावर कळते. टनांची पावती दर आठवड्याला प्रत्येक जोडीला मिळाली, तर पुढच्या पावसाळ्यात उचलीचा आकडा ठरवताना समोर बेताबरोबर मागचा अनुभवही असेल.