कळलावीचे द्रव्य आणि श्वेतपेशींची चिकटण्याची क्रिया

पावसाळ्यात फुलणारी कळलावी महाराष्ट्रात अपरिचित नाही. कोकणात गौरीपूजनात तिच्या फुलांना मान आहे. प्रसूतीच्या कळा आणणारी म्हणून ती कळलावी. नांगरासारख्या कंदामुळे संस्कृतात ती लांगली. तिच्या कंदात व बियांत कोल्चिसीन हे द्रव्य असते. १८२० साली पेल्त्ये व काव्हाँतू या फ्रेंच रसायनज्ञांनी ते कोल्चिकम या युरोपीय वनस्पतीतून वेगळे केले. वातरक्तावर, म्हणजे गाऊटवर, ते आजही दिले जाते. हे द्रव्य रक्तातील यूरिक आम्ल कमी करीत नाही. मग सूज उतरते ती कशाने?

याचे उत्तर पेशीच्या अंतर्रचनेत आहे. ट्यूब्युलिन या प्रथिनाचे कण जुळून पेशीत सुमारे २५ नॅनोमीटर जाडीच्या सूक्ष्मनलिका सतत उभारल्या व मोडल्या जातात. पेशीतील वाहतूक त्यांवरून चालते. १९६७ साली बोरिसी व टेलर यांनी किरणोत्सर्गी कोल्चिसीनच्या साहाय्यानेच हे प्रथिन हुडकले. कोल्चिसीन त्यास जखडते आणि नलिकेची वाढ खुंटते.

सुजेच्या जागी पोहोचण्यासाठी न्यूट्रोफिल या श्वेतपेशीस प्रथम रक्तवाहिनीच्या भिंतीस चिकटावे लागते. ही पकड सिलेक्टिन प्रथिनांमुळे बसते. १९९५ साली क्रॉनस्टीन व सहकाऱ्यांनी दाखविले की, अत्यल्प मात्रेत कोल्चिसीनने भिंतीवरील ई-सिलेक्टिनची संख्या घटत नाही, मांडणी मात्र बदलते. आणि तेवढ्यानेच पकड सुटते. ‘रस’ आणि ‘सर’ यांत अक्षरे तीच, परंतु क्रम पालटताच अर्थ पालटतो, तसेच हे होय. अधिक मात्रेत न्यूट्रोफिलवरील एल-सिलेक्टिनही कमी होते.

चिकटण्यानंतरचा प्रश्न चेतनेचा. यूरिक आम्लाच्या स्फटिकांमुळे पेशीत इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाहकारक प्रथिन सिद्ध होते. कोल्चिसीन ही क्रिया रोखते, असे २००६ साली दिसून आले. तथापि हे द्रव्य केवळ शामक आहे, असे मानणे चुकीचे ठरेल. सूक्ष्मनलिकांशी बांधलेले जी-ई-एफ-एच-१ हे प्रथिन नलिका मोडताच मोकळे होते आणि पेशीची आकुंचनशक्ती उलट वाढविते. म्हणजे एकाच आघाताने एक क्रिया मंदावते व दुसरी चेतते. कोणत्या पेशीवर, किती मात्रेत, हे सांगितल्यावाचून परिणामाविषयीचे विधान अपुरे राहते.

मात्रेचा हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, ५,५२२ हृद्रोग्यांवरील चाचणीत रोजच्या अर्ध्या मिलिग्रॅमने हृदयविकाराचे झटके व तत्सम आघात घटल्याचे आढळले. परंतु उपचाराची मात्रा व विषाची मात्रा यांत अंतर थोडे आहे. विभाजन पावणाऱ्या प्रत्येक पेशीस सूक्ष्मनलिका लागतात. म्हणून मात्रा वाढताच आतड्याचे अस्तर व अस्थिमज्जा यांवर घाला पडतो. कंदात द्रव्य किती, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच औषध म्हणून मोजून दिलेले कोल्चिसीन उपकारक ठरते, आणि अजाणता खाल्लेला कळलावीचा कंद प्राणघातक.