खिडकीतून टाकलेला रुमाल

मार्च उजाडला की शेवटच्या वर्षाच्या मुलांची चाल बदलते. डिसेंबरात हीच मुलं धापा टाकत माझ्या केबिनमध्ये शिरत: ‘सर, एलओआर अपलोड करा ना, उद्या डेडलाइन आहे.’ आता ती दारातच थबकतात, मोबाइल हातात पालथा धरून.

‘काय, काही आलं का?’

‘नाही सर. पोर्टलवर अजून अंडर रिव्ह्यूच दाखवतंय.’

मी मूळचा साताऱ्याचा, मंगळवार पेठेतला. गेली बावीस वर्षं सांगलीतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. पदवीनंतर पुढं शिकायला बाहेर पडणाऱ्या मुलांची शिफारसपत्रं, म्हणजे एलओआर, लिहिणं हे माझ्या हिवाळ्याचं ठरलेलं काम. एकेका मुलाची सहा-सहा, आठ-आठ विद्यापीठं. एका अर्जाची फी साधारण पाऊणशे ते सव्वाशे डॉलर, म्हणजे आठ अर्जांत पन्नास हजार रुपये सहज उडतात. शिवाय जीआरई, टोफेल यांचा खर्च वेगळा. एवढं सगळं करून सबमिटचं बटण दाबलं की पुढचे तीन-चार महिने हातात काही उरत नाही.

गेल्या साली तासगावकडची एक मुलगी अशीच अडकली होती. वडिलांची द्राक्षबाग. फेब्रुवारी-मार्चात घरचे सगळे बेदाण्याच्या मागं, आणि ही रात्री दोन वाजता उठून मेल बघणारी. एकदा वडील तिला सोडायला कॉलेजवर आले होते. मला म्हणाले, ‘सर, आमचंबी असंच असतंय बघा. द्राक्षं डिपिंग करून रॅकवर टाकली, की पंधरा दिवस काय करायचं? नुसतं आभाळाकडं बघायचं. पण आमच्या आभाळाचं निदान मोबाइलवर तरी कळतंय.’

त्यांचं बरोबर होतं. अर्जाच्या आभाळाचा अंदाज कुणी सांगत नाही. पण तिकडं आत काय चाललेलं असतं हे कळलं, तर वाट बघणं थोडं सुसह्य होतं. मी मुलांना ते साताऱ्याच्या स्टँडवरच्या भाषेत सांगतो.

एसटी फलाटाला लागायच्या आत लोक खिडकीतून रुमाल टाकतात. रुमाल पडला की जागा धरली गेली. बाकीचे दारातून घुसतात, तेव्हा गाडी निम्मी रिकामी असते, पण बसायला जागा नसते. प्रत्येक सीटवर कुणाचा तरी रुमाल, टोपी, नाहीतर पिशवी. काही बहाद्दर दोन खिडक्यांतून दोन रुमाल टाकतात आणि मग कुठल्या सीटवर ऊन येणार नाही याचा विचार करत उभे राहतात. त्यांचं ठरेपर्यंत मागचा माणूस दांडीला धरून उभा.

अमेरिकेतल्या विद्यापीठात शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळणं बरंचसं असंच असतं. बहुतेक विभागांच्या अर्जाची मुदत डिसेंबरात, कुठं एक तारखेला तर कुठं पंधरा तारखेला संपते. जानेवारीत प्राध्यापकांची समिती अर्ज वाचायला घेते. अर्जांचे तीन ढीग होतात: हवेत, नकोत, आणि ठेवून द्या. पीएच. डी.साठी गुणांच्या जोडीला आणखी एक हिशेब असतो. कुणाच्या प्रकल्पात पैसे आहेत, कुणाला या वर्षी विद्यार्थी हवा आहे, शिकवण्याच्या मदतीसाठी किती जण लागतील, यावर टीए आणि आरए म्हणजे सहायकाच्या जागा ठरतात. त्या मोजक्याच असतात. पहिल्या ढिगातल्यांना फेब्रुवारीच्या आसपास पत्रं जातात. दुसऱ्या ढिगाला नकार जातो, तोही कधी कधी फार उशिरा. तिसऱ्या ढिगाला मात्र काहीच जात नाही. त्या ढिगातल्या मुलाला वाटतं, आपला अर्ज कुणी वाचलाच नाही. खरं तर तो वाचलेला असतो, आवडलेलाही असतो. फक्त सीटवर रुमाल पडलेला असतो.

हा रुमाल किती दिवस ठेवायचा, याचाही एक संकेत आहे. काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स ही तिकडच्या पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या संस्थांची संघटना. तिच्या एका ठरावावर अनेक विद्यापीठांनी सह्या केलेल्या आहेत. आर्थिक मदतीसह प्रवेश देऊ केला असेल, तर विद्यार्थ्यानं 15 एप्रिलच्या आत उत्तर द्यावं अशी सक्ती करायची नाही, असं तो ठराव सांगतो. हेतू चांगला आहे. पोराला घाईत कोपऱ्यात गाठू नये, सगळे पर्याय समोर ठेवून शांतपणे निवडू द्यावं. पण याचा दुसरा परिणाम असा, की ज्यांच्या हातात तीन-तीन पत्रं आहेत ते पंधरा एप्रिलपर्यंत तिन्ही धरून बसतात, आणि यादीतल्या पुढच्या मुलाचा मोबाइल तोवर गप्प राहतो. मग चौदा, पंधरा, सोळा एप्रिलला एकदम धावपळ सुरू होते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. 1996 साली मी स्वतः दांडीला धरून उभा होतो.

तेव्हा सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होतो. पाच अर्ज केले होते. फीसाठी डॉलरचा ड्राफ्ट काढावा लागे. सर शिफारसपत्र पाकिटात घालून, चिकटवलेल्या जागेवर आडवी सही करून द्यायचे. निकाल साताऱ्याच्या घरच्या पत्त्यावर यायचा, म्हणून मार्चपासून मी दर शनिवारी घरी. पोस्टमन साडेअकराच्या सुमारास यायचा. पाकीट उघडायची गरजच नसे. पातळ असलं तर आत एकच कागद, म्हणजे नकार. जाड असलं तर व्हिसासाठी लागणारा आय-ट्वेंटीचा फॉर्म, वसतिगृहाची माहिती, विम्याचे कागद, म्हणजे होकार. माझी तीन पाकिटं पातळ आली, एक आलंच नाही. पाचवं मधल्याच जाडीचं. आई ते हातात तोलून म्हणाली, ‘हे काय म्हणायचं?’

आत लिहिलं होतं, प्रवेश आहे, पण तूर्त आर्थिक मदत नाही. मदतीच्या प्रतीक्षायादीत नाव आहे, कुणी जागा सोडली तर कळवू. वडील शिक्षक होते. मदतीशिवाय जाण्याचा प्रश्नच नव्हता.

पंधरा एप्रिल गेला. अख्खा एप्रिल गेला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणखी एक पत्र आलं, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख असलेलं. जागा रिकामी झाली आहे, दहा दिवसांत होकार कळवा. ते दहा दिवस पत्रानं वाटेतच संपवले होते. त्या रात्री राजवाड्याजवळच्या टेलिफोन बूथवर गेलो. मीटरचे लाल आकडे पळत होते आणि पलीकडची बाई फार सौजन्यानं सांगत होती, की आम्ही तुमच्या उत्तराची वाट पाहिली, मग जागा यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला दिली.

एम. टेक.साठीची गेट परीक्षा दिलेली होती म्हणून निभावलं. साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून निघालो तो मुंबईच्या पवईला जाऊन थांबलो, आयआयटीत एम. टेक.ला. घरात तो विनोद अजून चालतो. पण त्या सीटवर माझ्याआधी ज्याचा रुमाल होता, त्याच्याबद्दल मी पुष्कळ वर्षं विचार केला. नियमानं त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला दुसरीकडं जायचं आहे हे बहुधा मार्चातच ठरलं असेल. कळवायचं तेवढं राहिलं असेल.

आता जागा राखून ठेवण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, आणि तीही साताऱ्यातलीच आहे. प्रतापसिंह हायस्कूलच्या नोंदवहीत 7 नोव्हेंबर 1900 या दिवशी भिवा रामजी आंबेडकर हे नाव लागलं. म्हणून 7 नोव्हेंबर महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस असतो. तेच बाबासाहेब 1913 साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, 1916 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला दाखल झाले, आणि 1917 मध्ये शिष्यवृत्ती संपल्यामुळं अभ्यास अर्धा टाकून परतले. प्रवेश होता, पैसे नव्हते. लंडन विद्यापीठानं त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, मित्राकडून कर्ज घेतलं, आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. 1923 साली डी. एस्सी. झाले. ही जागा धरून ठेवलेली होती, पण तिच्यावर बसायला माणूस येणार हे नक्की होतं. राखून ठेवणं आणि अडवून ठेवणं यातला फरक मला तिथं दिसतो.

आपल्याकडं एम. टेक.च्या प्रवेशात हा रुमालांचा प्रश्न थोडा शहाणपणानं सोडवला आहे. फेब्रुवारीत गेट होते, मार्चात निकाल लागतो, आणि तो स्कोअर तीन वर्षं चालतो. आयआयटींचे प्रवेशाचे प्रस्ताव कोॲप नावाच्या एकाच सामायिक पोर्टलवर, फेरीफेरीनं येतात. प्रत्येक फेरीत मुलापुढं तीन पर्याय असतात. ‘ॲक्सेप्ट अँड फ्रीझ’ म्हणजे बसलो, आता उठत नाही. ‘रिटेन अँड वेट’ म्हणजे रुमाल राहू दे, पुढची खिडकी बघतो. ‘रिजेक्ट अँड वेट’ म्हणजे रुमाल उचलला. फेरी संपायच्या आत ठरवावंच लागतं, त्यामुळं सोडलेली जागा पुढच्या फेरीत दुसऱ्याला मिळते. वाट बघावी लागते ती इथंही. पण ती कुठल्या तारखेला संपणार, हे आधी माहीत असतं.

जर्मनीला जाणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही, म्हणून आमच्याकडची बरीच मुलं तिकडं वळतात. पण नोव्हेंबर 2022 पासून भारतीय मुलांना आधी एपीएस या शैक्षणिक मूल्यमापन केंद्राकडून पदवीच्या कागदपत्रांची पडताळणी करून घ्यावी लागते. म्हणजे अर्जाआधी एक प्रतीक्षा, अर्जानंतर दुसरी, आणि व्हिसाच्या तारखेसाठी तिसरी. हे एसटी, रेल्वे आणि परत एसटी असं आहे. मिरजेला गाडी बदलणाऱ्याला जेवढा धीर लागतो, तेवढा इथंही लागतो.

या सगळ्या काळात घरच्यांचे मात्र हाल होतात. लग्नसराई असते. मंगल कार्यालयात पंगतीला बसल्या बसल्या कुणीतरी विचारतंच, ‘मग, कवा निघायचं अमेरिकेला?’ आई वाढणाऱ्याकडं बघून मठ्ठा मागते. मी पालकांना एवढंच सांगतो, की पोराला रोज ‘काय झालं’ विचारू नका. झालं की तेच पहिल्यांदा तुम्हाला सांगेल. आणि मुलांना सांगतो, मार्च गेला, अजून उत्तर नाही, म्हणजे नकार असं धरू नका. विभागाला एक साधा, नम्र मेल टाकून ‘मी यादीत आहे का’ असं विचारायला हरकत नसते. दर आठवड्याला मात्र टाकू नका. आणि हातात एकाहून जास्त होकार आले, तर तिसरी गोष्ट सांगतो.

तासगावच्या त्या मुलीला फेब्रुवारीच्या शेवटी एक होकार आला, टीएसह. मन दुसऱ्या ठिकाणी होतं, तिथून काहीच नव्हतं. तिनं पहिला धरून ठेवला. ते बरोबरच होतं. सत्तावीस मार्चला दुसऱ्या ठिकाणचा मेल आला, आरएसह. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आली. रॅकवरचा माल उतरला होता, वडिलांनी बेदाण्याची पिशवीही पाठवली होती.

‘पहिल्यांना कळवलंस?’ मी विचारलं.

‘पंधरा एप्रिलपर्यंत मुदत आहे ना सर. जरा बघू म्हटलं. यांचं काही बदललं तर?’

मी तिला राजवाड्याजवळच्या बूथची गोष्ट सांगितली. एरवी ती मी मुलांना सांगत नाही. ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली. मग विचारलं, ‘यांचं लेखी आलंय, म्हणजे बदलणार नाही ना?’ आम्ही दोघांनी पत्र पुन्हा वाचलं. रक्कम, कालावधी, मार्गदर्शकाचं नाव, सगळं लिहिलेलं होतं. तिनं आधी त्यांना होकार कळवला. मग तिथंच बसून पहिल्या विद्यापीठाला चार ओळी लिहिल्या: आपण दिलेल्या संधीबद्दल आभारी आहे, मी दुसरीकडं प्रवेश घेत आहे, ही जागा आपण दुसऱ्या कुणाला द्यावी.

‘गेला,’ ती म्हणाली, आणि त्या मोसमात पहिल्यांदाच तिनं मोबाइल माझ्या टेबलावर सुलटा ठेवला.