गीझरच्या पोटातील दांडी

महाराष्ट्रातील घरांमध्ये अंघोळीचे पाणी तापवण्याचे काम अनेक पिढ्या तांब्याच्या बंबाने केले. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, नळीभोवती पाण्याचे भांडे आणि बाजूला तोटी एवढीच त्याची रचना असे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीसारख्या वस्त्यांमधील कारागीर ती पत्रा मठारून घडवत आणि सांधे डाख देऊन जोडत. नळीत लाकडे, गोवऱ्या किंवा करवंट्या टाकाव्यात, राख जाळीखाली पडावी, हा रोजचा क्रम होता. त्यात एक नियम मात्र कडक होता: पाणी भरल्याशिवाय बंब पेटवायचा नाही, कारण कोरड्या भांड्याचा डाख वितळून सांधे सुटतात. बंबाची गळती, काजळी किंवा साचलेली राख घरातल्या कोणालाही दिसत असे, त्यामुळे त्याची देखभाल ही वेगळे शास्त्र न राहता घरकामाचाच भाग होती.

या बंबाची जागा घेणाऱ्या गीझरचा इतिहास थोडक्यात असा की, १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॉडी मॉन यांनी गॅसवर चालणारे, पण धूर बाहेर नेणारी नळी नसलेले यंत्र बनवले, १८८९ मध्ये अमेरिकेत एडविन रूड यांनी टाकीसह आपोआप चालणारा हीटर तयार केला, आणि १९३६ मध्ये ए. ओ. स्मिथ कंपनीने टाकीला आतून काचेचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आज भिंतीवर टांगलेल्या विजेच्या गीझरमध्ये पोलादी टाकी, तिच्याभोवती उष्णता रोखणाऱ्या फेसाचा थर, साधारण दोन किलोवॅटची कॉइल, ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट आणि तो निकामी झाल्यास वीज बंद करणारा कटआऊट असे भाग असतात.

निवड करताना हिशेब सोपा असतो. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत नेण्यास साधारण एक युनिट वीज आणि दोन किलोवॅटच्या कॉइलवर सुमारे अर्धा तास लागतो. १५ लिटरला यापेक्षा बराच कमी वेळ पुरतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे हे टाकीतील तापलेले पाणी नुसते उभे असताना किती उष्णता गमावते, याच्याशी निगडित आहेत, म्हणून गीझर तासन्‌तास चालू ठेवणाऱ्या घराला त्यांचा उपयोग अधिक. पाण्याच्या दाबाकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. गच्चीवरील टाकीपासून दर दहा मीटर खाली सुमारे एक बार दाब वाढतो, त्यामुळे उंच इमारतीच्या खालच्या मजल्यांवर, तसेच प्रेशर पंप बसवलेल्या घरांत, आठ बार दाब सोसणारी टाकी घेणे शहाणपणाचे ठरते.

पण गीझरच्या भागांमध्ये सर्वांत लक्षवेधी आहे ती टाकीच्या आत बसवलेली मॅग्नेशियमची दांडी, जिला तंत्रज्ञ ॲनोड रॉड म्हणतात. काचेचा मुलामा कितीही चांगला असला तरी त्यात सूक्ष्म छिद्रे राहतात आणि तेथे पाणी पोलादाला भिडते. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा कितीतरी सहज इलेक्ट्रॉन सोडते, म्हणून दोन्ही धातू एकाच पाण्यात जोडलेले असले की गंजण्याचा भार दांडी उचलते आणि टाकी सुरक्षित राहते. हे तत्त्व हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली जहाजांच्या तळाला लावलेल्या तांब्याच्या पत्र्यासाठी मांडले होते. जस्त व लोखंडाचे तुकडे जोडल्याने तांबे खरोखरच वाचले, पण तांब्याचे विष पाण्यात उतरेनासे झाल्यामुळे त्यावर शेवाळ व शिंपले चिकटून जहाजे मंदावली आणि तो प्रयोग सोडून द्यावा लागला. समुद्रात फसलेला हा उपाय न्हाणीघरातील बंद टाकीत मात्र फार उत्तम चालतो.

देखभालीला आलेला जाणता तंत्रज्ञ आधी मुख्य वीज तोडतो, पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करतो, टाकी रिकामी करतो आणि तळाच्या झाकणाचे नट सोडवतो. झाकणासोबत कॉइल व दांडी एकत्र खाली येतात. नवी दांडी गुळगुळीत आणि बोटाएवढी जाड असते, वापरलेली खड्ड्याखड्ड्यांची व पांढऱ्या भुकटीने माखलेली दिसते, आणि पुरती झिजलेल्या दांडीतून आतली लोखंडी तार उघडी पडते. तार दिसली की दांडी बदलावीच लागते. कॉइलवर तेव्हा क्षारांचे कवच असते, कारण दुष्फेन, म्हणजे बोलीभाषेतील जड, पाण्यातील कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर विघटित होऊन न विरघळणारे कार्बोनेट मागे राहते. या कवचामुळे उष्णता पाण्यात जात नाही आणि कॉइल स्वतःच्या तापाने फुटते. जोडणी झाल्यावर गरम पाण्याच्या नळातून हवेचे फुसफुसणे थांबून सलग धार येईपर्यंत वीज चालू करायची नसते. बंबाचा जुना नियम येथे जसाच्या तसा लागू आहे.

खरी अडचण अशी की हे सारे बंद पत्र्याआड घडते आणि घरातल्या माणसांना दांडीचे अस्तित्वही ठाऊक नसते. बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षार जास्त असल्याने ते वीज अधिक वाहून नेते आणि दांडी लवकर संपते. नंतर टाकी गंजू लागते, पण त्याची पहिली खूण बहुधा गळतीचीच असते, आणि तोवर दुरुस्तीची वेळ टळलेली असते. पाणी मऊ करणारे यंत्र बसवले तर कॉइल वाचते, पण दांडीची झीज थांबत नाही.

यापेक्षा गंभीर चूक टाकीतील जादा दाब बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या बाबतीत होते. २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापताना सुमारे एक पेला फुगते आणि हा जादा भाग व्हॉल्व्हमधून थेंबथेंब बाहेर पडणे अपेक्षित असते. तो थेंब गळती समजून तोंडाला बूच मारणे किंवा व्हॉल्व्हऐवजी साधे सॉकेट बसवणे म्हणजे थर्मोस्टॅट व कटआऊट दोन्ही बिघडल्यास टाकी फुटण्याची वाट मोकळी करणे होय. तितकीच उपेक्षा अर्थिंगची होते. ओल्या न्हाणीघरात गीझरचे स्वतंत्र १६ अँपिअरचे सॉकेट, खात्रीचे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी या तिन्ही गोष्टी अनिवार्य मानाव्यात. गॅस गीझरच्या बाबतीत तर सवलत नाहीच: बंद न्हाणीघरात ज्वलनाला प्राणवायू अपुरा पडताच कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याने माणसे दगावली आहेत. मॉन यांच्या यंत्रातील उणीव दीडशे वर्षांनंतरही घराघरांत चालू असणे ही चिंतेची बाब आहे. असा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा.

गीझर घेताना ॲनोड बदलून मिळतो का, हे दुकानदाराला विचारावे, बसवल्याची तारीख झाकणावर लिहून ठेवावी, आणि जड पाणी असल्यास दरवर्षी, एरवी दोन वर्षांतून एकदा, टाकी उघडून दांडी डोळ्यांनी पाहावी.