रत्नागिरीला, भरतीच्या वेळेने

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरोघरी बेत शिजू लागतात. रत्नागिरीचे नाव निघाले की पहिला प्रश्न ठरलेला : किती किलोमीटर? मुंबईहून साधारण साडेतीनशे. मग पहाटे निघायचे आणि दुपारी गणपतीपुळ्याला प्रसाद घ्यायचा, असा हिशेब मांडला जातो. तो क्वचितच जमतो. जमला तरी वाटेत समुद्र दिसत नाही. कारण पूर्वीचा १७ आणि आताचा ६६ क्रमांकाचा महामार्ग खेड, चिपळूण, संगमेश्वर असा आतल्या डोंगराळ भागातूनच जातो.

किनाऱ्याने जायचे असेल तर खेडला महामार्ग सोडून दापोली गाठावी आणि चार दिवस हाताशी ठेवावेत. पहिला दिवस हर्णैचा. बंदरावर मासळीचा लिलाव, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आणि जवळच महर्षी कर्व्यांचे मुरूड. दुसऱ्या दिवशी दाभोळ. वासिष्ठीच्या खाडीपलीकडे धोपावे समोर दिसते, पण रस्त्याने जायचे तर थेट चिपळूणचा वळसा! २००३ पासून इथे गाड्यांसह माणसे नेणारी फेरीबोट आहे. लोक तिला जंगलजेटी म्हणतात. पलीकडे गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. तिसऱ्या दिवशी तवसाळहून तशाच बोटीने जयगड, मग केशवसुतांचे मालगुंड, गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. चौथा दिवस शहरासाठी : टिळकांचे जन्मस्थान, पतितपावन मंदिर आणि ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा राजवाडा. हा राजा १९१६ साली इथेच, मायदेशापासून दूर वारला.

या प्रवासात नकाशाइतकेच पंचांग कामाला येते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. भाऊबिजेला, म्हणजे द्वितीयेला, दीडच्या आसपास हेदवीला पोहोचलात, तर बामणघळीच्या अरुंद फटीतून लाटेचे पाणी उंच उसळताना दिसेल. ओहोटीला गेलात तर नुसता खडक पाहून परतावे लागेल.

हा हिशेब केवळ गमतीचा नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असते. पाणी जोराने चढते आणि तितक्याच जोराने ओढून नेते. गणपतीपुळ्याच्या समुद्राने आजवर अनेक पर्यटकांचे बळी घेतले आहेत. मुले पाण्याकडे धावण्याआधी तिथल्या माणसाला विचारावे, 'आज उतरण्यासारखं आहे का?' तो नाही म्हणाला, तर वाद घालू नये. लांबून आलो म्हणून समुद्र सवलत देत नाही.

आता या खाड्यांवर पूल बांधण्याची कामे हाती घेण्यात आली आहेत. रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गाचे अंतुल्यांच्या काळापासूनचे स्वप्न त्यातून पुरे व्हायचे आहे. जंगलजेटी गेली तर पाहुण्यांना हळहळ वाटेल. पण रात्री दुखणेकऱ्याला घेऊन खाडीकाठी अडकलेल्या गावकऱ्याला ती कशी वाटावी? त्याला पूल हवाच. आरे आणि वारेच्या खाड्यांवर पूल झाले, म्हणून तर आपल्याला तो सुरेख रस्ता मिळाला.

पूल झाले की तासन् तास वाचतील. ते आणखी एक ठिकाण उरकण्यात घालवायचे की एखाद्या गावात मुक्काम वाढवून, घरगुती खानावळीत सोलकढीचा दुसरा पेला घेत ओहोटीची वाट पाहायची, एवढे मात्र बेत आखतानाच ठरवावे.