फोटो काढला, पण तिला दिला का?

चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येडेश्वरीची पालखी येरमाळ्याच्या डोंगरावरून आमराईकडे निघते, तेव्हा चुनखडी वेचायला माणसांचा पूर लोटतो. संबळ कडाडतो, आराध्यांचे मेळे नाचू लागतात. गळ्यात कवड्यांच्या माळा, हातात परडी, कुणाच्या हातात पेटता पोत. वाचकहो, पुढच्या यात्रेत या गर्दीकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. नाचणाऱ्यांपेक्षा मोबाईल वर धरलेले हातच जास्त दिसतील.

येरमाळ्याला नाच काही नवा नाही. यात्रेतला आराध्यांचा नाच देवीच्या नावाचा. गावोगावच्या जत्रांना फडाचा तमाशा येतो. सोलापूर-धुळे महामार्गाच्या कडेला आपल्याच परिसरात कला केंद्रे आहेत, तिथे संगीत बारीची लावणी चालते. या सगळ्यांचे फोटो रोज निघतात, या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरतात. पण एक साधा प्रश्न आहे. जिचा फोटो निघाला तिच्या हातात तो कधी पडतो का?

हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही. नाचणाऱ्या बाईची अब्रू आणि तिच्या म्हातारपणीची भाकर, दोन्ही या प्रश्नात अडकलेल्या आहेत. कशा, ते पुढे येईलच. त्याआधी ज्यांनी नाचाचे फोटो काढण्यात उमेदीची वर्षे घातली, त्यांचे कलावंतांशी नाते कसे जुळले ते पाहू.

आधी ओळख, मग कॅमेरा

छायाचित्रकार संदेश भंडारे यांचे नाव तमाशाच्या संदर्भात घ्यावेच लागते. इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स या संस्थेच्या अर्थसाहाय्याने त्यांनी महाराष्ट्रातल्या तमाशाचे छायाचित्रण केले. त्यातून ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक झाले. नंतर त्यांनी पंढरीच्या वारीवरही असेच मोठे काम केले.

आता तमाशाचे फोटो काढायचे म्हणजे काय ते तुम्हीच विचारात घ्या. दसऱ्यानंतर बाहेर पडलेला फड वैशाखापर्यंत गावोगाव हिंडतो. रात्री खेळ, पहाटे सामान गाडीत भरायचे, दिवस उजाडला की पुढच्या गावात राहुटी ठोकायची. तिथेच चूल, तिथेच लेकरू झोळीत, तिथेच संध्याकाळी तोंडाला रंग. बोर्डावरचा फोटो तिकीट काढून कोणालाही घेता येईल. राहुटीतला फोटो मात्र तिथल्या माणसांनी ‘या, बसा’ म्हटल्याशिवाय निघत नाही. आणि ‘या, बसा’ हे एका दिवसात कोणी म्हणत नसते. तुमच्या घरी अनोळखी माणूस कॅमेरा घेऊन थेट चुलीपाशी आला तर तुम्ही काय कराल? तेच त्याही करतात.

दुसरे उदाहरण संगीत बारीचे. सावित्री मेधातुल आणि भूषण कोरगांवकर यांनी लावणी कलावंतांवर ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट केला. कोरगांवकर पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, म्हणजे आकडेमोडीचा माणूस. चित्रण संपले की गाठोडे बांधून निघून जाणारे पुष्कळ असतात. हे दोघे तसे गेले नाहीत. २०१४ साली कोरगांवकरांचे ‘संगीत बारी’ हे पुस्तक राजहंस प्रकाशनाने काढले. पुढे त्याच नावाचा रंगमंचीय कार्यक्रम उभा राहिला आणि शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या जाणत्या कलावंत शहरातल्या नाट्यगृहांत, घरच्या बायाबापड्यांपुढे मानाने उभ्या राहिल्या. बैठकीची लावणी आणि अदा म्हणजे काय असते ते त्या प्रेक्षकांना प्रथमच जवळून दिसले. कॅमेऱ्याने सुरू झालेली ओळख अशी वर्षानुवर्षे टिकली, म्हणूनच हे घडले.

ताल कळला तर क्षण सापडतो

नाचाचा फोटो काढणे हे शेतकऱ्याला समजण्यासारखे काम आहे. वाफसा आला की पेरायचे, एक दिवस इकडे तिकडे झाला की हंगाम हुकतो. नाचातही तसेच. गिरकी पूर्ण होऊन पाय समेवर पडतो, मान किंचित झुकते, नजर स्थिर होते. हा वाफसा अर्ध्या क्षणाचा असतो. तो दिसल्यावर बटण दाबले तर उशीर झालेला असतो, कारण डोळ्याने पाहून बोट हलेपर्यंत ती अदा निघून जाते. म्हणून ताल आधी ओळखावा लागतो, सम येणार हे कानाने कळावे लागते.

दिल्लीचे अविनाश पसरिचा यांनी आयुष्यभर हेच केले. ‘स्पॅन’ या मासिकात छायाचित्रांचे काम सांभाळता सांभाळता त्यांनी यामिनी कृष्णमूर्ती, बिरजू महाराज, सोनल मानसिंग अशा कलावंतांना दशकानुदशके टिपले. रोलचा कॅमेरा होता तेव्हा एका रोलमध्ये छत्तीस फोटो. आजच्यासारखे दोनशे काढून एक ठेवायची चैन नव्हती. नर्तकीची चाल पाठ असल्याशिवाय ते छत्तीस कारणी लागत नसत. आणि चाल पाठ व्हायची तर पुन्हा पुन्हा जाऊन बसणे आले.

अमेरिकेतली एक जोडी याहून पुढे गेली. छायाचित्रकार बार्बरा मॉर्गन आणि नर्तकी मार्था ग्रॅहम यांची १९३५ साली गाठ पडली. त्या देशाच्या नैर्ऋत्य भागातल्या आदिवासींची विधीनृत्ये दोघींनाही मनापासून भावलेली होती. सूत जमले ते यावरून. आपल्याकडे आराध्यांचा नाच बघताना जसे अंगावर काटा येतो, तसेच काहीसे त्यांना त्या नाचांत दिसले असावे. मॉर्गनबाई तालमी पुन्हा पुन्हा बघत, कोणत्या क्षणात त्या नाचाचे सार आहे ते मनाशी ठरवत, आणि मग प्रेक्षक नसताना खास बैठक घेऊन फोटो काढत. १९४० साली ‘लेटर टू द वर्ल्ड’ या नृत्यातला त्यांनी काढलेला फोटो आजही नावाजला जातो. नर्तकी कमरेत वाकलेली, एक पाय मागे उचललेला आणि घोळदार वस्त्र हवेत फिरलेले. १९४१ साली सोळा नृत्यांचे पुस्तक निघाले. कोणत्या क्षणाला थांबायचे ते दोघींनी मिळून शोधले होते.

आपल्या देशातले सुनील जाना यांचेही नाव इथे घ्यायला हवे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे फोटो काढून ज्यांनी देशाला हादरवले तेच हे जाना. त्याच कॅमेऱ्याच्या माणसाने पुढे शांता राव यांच्या नृत्याचे फोटो काढले, त्याचे पुस्तक १९७९ साली आले. भुकेल्या माणसापुढे कॅमेरा धरताना जी अदब लागते तीच नाचणाऱ्या माणसापुढेही लागते. समोरचा माणूस तमाशाचा विषय नाही, तो तुमच्यासारखाच जीव आहे, एवढे ध्यानात असले म्हणजे झाले.

फोटो म्हणजे पुरावा

आता म्हातारपणीच्या भाकरीचा मुद्दा. गावकारभाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे.

वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची राज्य शासनाची योजना १९५४-५५ पासूनची आहे. पूर्वी अ, ब, क असे वर्ग होते आणि वर्गाप्रमाणे रक्कम कमी-जास्त होती. २०२४ मध्ये योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले आणि सगळ्यांना सरसकट दरमहा ५,००० रुपये ठरले. वय ५० पूर्ण, कलेच्या क्षेत्रात किमान १५ वर्षे काम आणि वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत, अशा मुख्य अटी. दिव्यांगांना वयात सवलत आहे.

उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळेल, वयाचा कागद कुठून तरी निघेल. घोडे अडते ते पंधरा वर्षांच्या कामापाशी. ज्या बाईने वयाच्या बाराव्या-चौदाव्या वर्षी घुंगरू बांधले, शंभर गावांत नाचली, तिला कोणी सर्टिफिकेट दिले होते? फडाची जाहिरात छापली ती मालकाच्या नावाने. पेपरात बातमी आली तर ‘तमाशाला अलोट गर्दी’ एवढीच. रात्रभर नाचल्याचा पुरावा म्हणून दुखणाऱ्या गुडघ्यांखेरीज तिच्याजवळ काय उरते?

विठाबाई नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० असे दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आले. तरी २००२ साली त्या गेल्या तेव्हा शेवटची वर्षे आर्थिक ओढाताणीतच गेली होती. आज राज्य शासनाचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. एवढ्या मोठ्या कलावंताची ही गत, तर तिसऱ्या रांगेत नाचणाऱ्या बिननावाच्या बाईचे काय होत असेल? २०२० आणि २०२१ या दोन वर्षी कोरोनाने जत्रा बंद पडल्या, हंगाम बुडाले, तेव्हा अशा कितीतरी जणींची चूल थंडावली.

म्हणून म्हणतो, तुमच्या मोबाईलमधला एक फोटो तिच्यासाठी कागदपत्र ठरू शकतो. नुसत्या फोटोवर मानधन मंजूर होत नाही हे खरे. पण गावाचे नाव, जत्रेची तारीख आणि फडाचे नाव मागे लिहिलेला फोटो, त्याला ग्रामपंचायतीच्या दाखल्याची जोड मिळाली, तर अर्जाला वजन येते.

चोरून काढलेला फोटो

दुसरी बाजू अब्रूची. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका लोकप्रिय नर्तकीचा कपडे बदलतानाचा, चोरून काढलेला व्हिडिओ समाजमाध्यमांवर पसरवण्यात आला. गुन्हा दाखल झाला, राज्य महिला आयोगाने दखल घेतली. ती नामवंत होती म्हणून एवढे तरी झाले. जत्रेत कनातीला भोक पाडून मोबाईल आत घालणारे टोळके बऱ्याच गावांना ठाऊक आहे, आणि ‘पोरं आहेत, चालायचंच’ म्हणून सोडून देणारी मोठी माणसेही.

चालायचं नाही बरं का. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ यासाठीच आहे. बाई कपडे बदलत असताना किंवा तशा खासगी स्थितीत असताना तिला चोरून पाहणे, तिचे चित्रण करणे किंवा ते पसरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे कैद आणि दंड, पुन्हा सापडला तर तीन ते सात वर्षे. असा व्हिडिओ ज्याने काढला त्याच्याइतकाच तो पुढे ढकलणाराही यात येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई वेगळेच आहे. एका बटणाने पोराचे आयुष्य कोर्टाच्या पायरीवर जाते, हे घरात सांगा.

आणि कायद्यात न बसणारी गोष्टही वाईट असू शकते. बोर्डावर नाचणाऱ्या बाईचा फोटो काढून त्याखाली घाण शेरे लिहून गटात टाकणे, हे कोणत्या मर्दुमकीत बसते? तिचीही मुलं शाळेत जातात, त्यांच्या वर्गातही मोबाईल असतात.

गावाने एवढे करावे

यात्रा कमिटी नारायणगावला फड ठरवायला जाते तेव्हा सुपारीची रक्कम घासाघीस करून ठरते. त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी ठरवता येतील. कलावंतांना रंगायला आणि कपडे बदलायला पक्की जागा; शाळेची खोली किंवा समाजमंदिर दिले तर सर्वात चांगले. तिला आतून कडी, बाहेर गावातली दोन जबाबदार माणसे, त्यातली एक बाई असलेली बरी. शिवाय बोर्डाच्या मागे मोबाईल न्यायला बंदी, आणि ती सूचना माईकवरून सुरुवातीलाच.

खेळ झाल्यावर ग्रामपंचायतीने फडातल्या प्रत्येक कलावंताच्या नावाने एक साधा दाखला द्यावा : अमुक तारखेला आमच्या गावी यांनी कला सादर केली. कागद आणि शिक्का याखेरीज खर्च नाही. एका बाईला वर्षाला चाळीस गावांनी असा दाखला दिला तर पंधरा वर्षांनी तिला कोणाच्या दारात हात जोडत उभे राहावे लागणार नाही. आपल्याच गावातल्या आराध्यांच्या, गोंधळ्यांच्या बाबतीतही हेच करता येईल. त्यांची नावे, वये आणि किती वर्षे सेवा चालू आहे याची नोंद ग्रामपंचायतीत ठेवा.

फोटो काढण्याची हौस असलेल्या तरुणांसाठी तर काम मोठे आहे. आधी विचारा, ‘मावशी, फोटो काढू का?’ नाही म्हटल्या तर मोबाईल खिशात. हो म्हटल्या तर फ्लॅश बंद ठेवा, कारण गिरकी घेताना डोळ्यांवर उजेड पडला की तोल जातो. नाव विचारून घ्या. दुसऱ्या वर्षी तोच मेळा, तोच फड आला तर गेल्या वर्षीचा फोटो छापून न्या. छापायला किरकोळ पैसे लागतात. तो हातात ठेवाल तेव्हा मोठ्या छायाचित्रकारांना वर्षानुवर्षे बसून जे मिळाले त्यातले थोडे तुम्हालाही मिळेल, म्हणजे पुढच्या वेळी ती तुमच्याकडे पाहून ओळखीचे हसेल. आणि तो फोटो आधीच्यापेक्षा चांगला येईल.

येत्या चैत्रात आमराईत जाल तेव्हा मोबाईल जरूर न्या. सोबत गेल्या चैत्रातले दोन-चार फोटोही छापून पिशवीत टाका.