नितळ पाण्यातला खार

वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकी या अमेरिकी राज्यांतल्या ॲपलाचियन डोंगरांत अनेक ठिकाणी कोळशाचे थर आडवे, पातळ आणि माथ्याजवळ आहेत. तिथे बोगदा खणण्यापेक्षा माथाच सुरुंगाने उडवणं कंपन्यांना परवडतं. पण फुटलेल्या खडकाला मूळच्यापेक्षा जास्त जागा लागते. सगळा परत डोंगरावर रचता येत नाही. उरलेला शेजारच्या घळीत लोटतात. त्या घळीच्या तळाशी ओढा असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार १९८५ ते २००१ या काळात ७२४ मैल, म्हणजे सुमारे ११६५ किलोमीटर ओढे अशा भरावांखाली गेले.

गंमत अशी की, ओढ्यांच्या रक्षणाचा नियम तेव्हाही होता. खुल्या खाणींसाठी १९७७ साली कायदा झाला आणि १९८३च्या नियमाने ओढ्यापासून शंभर फुटांच्या, म्हणजे जेमतेम तीस मीटरच्या आत खाणकामाला मनाई केली. पाण्याला अपाय होणार नाही अशी खात्री पटल्यास अधिकाऱ्यांना सूट देता येई. संरक्षण ओढ्याच्या काठाला, भराव मात्र ओढ्याच्या डोक्यावर! शिवाय फक्त पावसापुरते वाहणारे ओहोळ या नियमात नव्हतेच.

गाडला गेला तेवढाच ओढा गमावला, असंही नाही. खडकातल्या पायराइटला हवा-पाणी लागलं की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. या डोंगरांत बऱ्याच ठिकाणी खडकातलेच चुनखडीसारखे कार्बोनेट ते शमवतात. पाणी आंबट होत नाही, गढूळही दिसत नाही. पण सल्फेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट त्यात विरघळलेले राहतात. भरावातून झिरपलेलं हे पाणी खाली कित्येक किलोमीटर जातं, आणि खाण बंद झाल्यावरही वर्षानुवर्षं खारटच राहतं.

हा खार ओळखायचा तो पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून. पर्यावरण संरक्षण संस्थेने २०११ मध्ये या प्रदेशासाठी सेंटिमीटरला ३०० मायक्रोसिमेन्स ही मर्यादा सुचवली. त्यापुढे तिथले मूळचे कीटक नाहीसे होऊ लागतात. भरावाखालच्या ओढ्यांत वाहकता हजाराच्याही पुढे जाते. सर्वात आधी जातात मेफ्लाय. त्यांच्या अळ्यांना गोड्या पाण्यात क्षारांचा तोल सांभाळण्याची सवय असते, हा बदल त्यांना झेपत नाही. अळ्या गेल्या की त्यांच्यावर जगणारे मासे आणि सॅलमँडर उपाशी. काही खडकांतून सेलेनियमही सुटतं आणि माशांची पिल्लं व्यंग घेऊन जन्मतात. जानेवारी २०१० मध्ये ‘सायन्स’मध्ये मार्गारेट पामर आणि त्यांच्या ११ सहकाऱ्यांनी हे सगळे पुरावे एकत्र मांडले. नंतर खोदून दिलेल्या नव्या चराने जुन्या ओढ्याचं काम होत नाही, हेही त्यात आलं.

कायद्याची वाट मात्र नागमोडी राहिली. १९९९ मध्ये न्यायाधीश चार्ल्स हेडन यांनी शंभर फुटांचा नियम भरावांनाही लागू होतो असा निकाल दिला. २००१ मध्ये वरच्या न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर तो रद्द केला. २००८ मध्ये नियम सैल झाला, २०१४ मध्ये न्यायालयाने तो सैल नियम मोडीत काढला. डिसेंबर २०१६ मध्ये नवा नियम आला. खाणीआधी ओढ्याची स्थिती नोंदवा, काम चालू असताना मोजत राहा, ही त्यातली मुख्य अट. ती मला शंभर फुटांपेक्षा कितीतरी शहाणपणाची वाटते, कारण विरघळलेला क्षार अंतर मोजत बसत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तो नियमच रद्द केला आणि अध्यक्ष ट्रम्प यांनी त्यावर सही केली.

चंद्रपूरकरांना असे ढिगारे नवे नाहीत. इरई आणि वर्धा नद्यांच्या खोऱ्यात ते उभे आहेत. तिथला खडक वेगळा, म्हणून ॲपलाचियातले आकडे तसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण वाहकता मोजायचं यंत्र खिशात मावतं. खाणीची जनसुनावणी लागली, तर नोकऱ्या आणि मोबदल्याबरोबर आणखी एक गोष्ट मागा: प्रस्तावित ढिगाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला ओढ्याची निदान वर्षभराची मोजमापं, तीही पहिला सुरुंग लागण्याआधीची.