उपहासाची शाहिरी

शाहीर म्हटला की डफाची थाप आणि रणांगणावरील पराक्रम आपल्या मनश्चक्षूंपुढे उभा राहतो. आपल्या बेळगाव-धारवाडच्या परिसरातील कन्नड लावणीही संगोळ्ळी रायण्णाची वीरगाथा गाते. परंतु गौरव करणे एवढेच शाहिरीचे कार्य नव्हे. मातलेल्या सत्तेची फजिती करणे हेही तिचेच काम होय.

सतराव्या शतकात इंग्लंडात राजा व पार्लमेंट, कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट यांच्यात वैर पेटले असता कागदाच्या एका बाजूस छापलेली स्वस्त गाणी फेरीवाले रस्तोरस्ती गाऊन विकीत. गाण्यावर एखाद्या प्रसिद्ध चालीचे नाव दिलेले असे. चाल सर्वांस मुखोद्गत असल्याने नवे शब्द झपाट्याने पसरत. दुसऱ्या जेम्स राजाच्या कारभाराची टर उडविणारे ‘लिलिबुलेरो’ हे गीत अतिशय गाजले. १६८८ साली राजा देश सोडून पळाला, त्याचे काही श्रेय या गीतालाही देण्यात आले.

हीच युक्ती महाराष्ट्रात स्वतंत्रपणे उदयास आली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजींवर टीका करणारा पोवाडाही लिहिला. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्याचे विचार जलशांनी खेडोपाडी नेले. तमाशाचा परिचित साज कायम ठेवून जलसेकार सावकार, भटजी आणि अडाणी शेतकरी यांची सोंगे आणीत. कर्ज काढून केलेली लग्ने, अंधश्रद्धा, न वाचता दिलेला अंगठा यांवर लोक पोट धरून हसत. आणि आपण आपल्यालाच हसलो, हे घरी जाताना त्यांच्या ध्यानी येई. निरक्षरास ग्रंथ बंद होता, सोंग बंद नव्हते. भीमराव कर्डक आदी आंबेडकरी जलसेकारांनीही पुढे हाच मार्ग चोखाळला.

मात्र हे शस्त्र दुधारी आहे. ‘लिलिबुलेरो’ने राजाबरोबर आयरिश कॅथॉलिक लोकांचीही कुचेष्टा केली. सत्यशोधक जलशांविषयीही, रूढीऐवजी सबंध जातीवरच प्रहार होतो, अशी तक्रार त्या काळी झाली होती.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या भागात मराठी व कन्नड बोलणारी घरे शेजारी शेजारी नांदतात. स्नेहसंमेलनात नक्कल करावयास उभे राहाल तेव्हा एवढे मनास विचारा : आपण हसतो आहोत ते कोणाच्या अन्यायाला, की कोणाच्या जन्माला, भाषेला?